उलटा त्रिकोण

ऐरोलीच्या मैदानात, टॉवरच्या तारांखाली,
रविवारी माझं टेबल असतं.
एरवी वॉर्ड ऑफिसात पाणीपट्टीच्या नोंदी,
रविवारी सातशे रुपये आणि पुरीभाजी.
दोन पेनं: निळं धावांचं, लाल विकेटचं.
खाडीकडून वारं सुटतं म्हणून
वहीवर ठेवायला पाण्याची बाटली.

खुणा सोप्या आहेत.
काही झालं नाही तर टिंब.
वाइडला फुली, नोबॉलला गोल.
बायला त्रिकोण,
लेगबायला तोच त्रिकोण, डोक्यावर उभा.

सोळा वर्षांखालची मॅच. मॅटिंग विकेट,
एका कोपऱ्याचा खिळा वर आलेला,
सकाळीच दगडानं ठोकून बसवला.
ओजस मढवी, दिवागावचा,
साइटस्क्रीनला पाठ लावून धावत सुटणारा.
त्याचे सर दोरीबाहेरून ओरडले,
"दहा नंबर आहे रे, डोकं दाखव त्याला त्याचं."
याला खूण नाही.

दहा नंबर: शार्विल वैती, चेंदणीचा,
लेगस्पिन टाकतो,
बॅट हातात दिली कारण उरलं नव्हतं कुणी.
टीमकडे हेल्मेटं तीन.
आउट होऊन येणाऱ्याचं, घामानं ओलं,
त्यानं वाटेतच घेऊन घातलं.
पट्टा लोंबत होता. मला टेबलावरून दिसला.
यालाही खूण नाही.

पहिला खांद्यावरून. टिंब.
दुसरा नाकासमोरून. टिंब.
सोनटक्के सरांचा हात तेव्हा
खिशातून अर्धा बाहेर आला.
मी पेन टेकवलं.
हात परत आत गेला.
(नंतर म्हणाले, ओव्हरला दोन बसतात.)

तिसरा.
स्टीलचा डबा ओट्यावरून पडावा
एवढाच आवाज.
चेंडू थर्डमॅनकडे गेला
आणि पलीकडचा सवयीनं ओरडला, "यस!"
आणि शार्विल पळाला.
सांगते ना, पूर्ण पळाला. बॅट टेकवली क्रीजमध्ये,
मग बॅटशेजारी बसला,
मग आडवा झाला,
लग्नघरात कोपरा मिळाल्यावर होतात तसा.

सरांनी पाय उचलून गुडघ्याला हात लावला.
मी उलटा त्रिकोण काढला. एकशे त्रेचाळीस.

रिक्षा मॅटच्या कडेपर्यंत आत आली.
नावापुढे लिहिलं: जखमी, निवृत्त.
पंधराव्या वर्षी निवृत्त.

हेल्मेट माझ्या टेबलावर राहिलं.
बाटलीपेक्षा जड, वहीला बरं,
असं मनात आलं माझ्या, तेही सांगते.
उजव्या कानापाशी केसाएवढी चीर.
अकरा नंबर आला. "मॅडम, ते."
मी सोनटक्के सरांकडे बघितलं.
"चालेल हो. शेवटचाच आहे."
पट्टा मी बांधला, हनुवटीखाली
एक बोट जाईल इतका.
त्यानं मान वर धरली,
शाळेत जाताना टायसाठी धरतात तशी.

ओजसचे तीन चेंडू बाकी होते.
एक ऑफच्या इतका बाहेर की कीपर लोळला. फुली.
पुन्हा. फुली.
पुन्हा.
दोरीबाहेरून, "लाइन! अरे लाइन!"
मग तीन टाकले, हळू, पुढ्यात,
काकांनी पोराला टाकावेत तसे.

मॅच संपली की बोलर टेबलाशी येतात
आपले आकडे बघायला.
सात ओव्हर, एकोणीस धावा, चार.
त्यानं ते वाचले नाहीत.
"तो बॉल कुठाय?"
मी बोट ठेवलं.
"माझ्यात धरला?"

लेगबाय बोलरच्या खात्यात जात नाही.
फुल्या जातात. त्या तिन्ही त्याच्या नावावर आहेत.
पाणीपट्टीच्या खिडकीत सांगते
त्याच आवाजात सांगितलं.

तो हलला नाही.
कोपरावर लाल माती, नाकाशी घाम.
"मग कुणात जातो?"

एक्स्ट्रा, मी म्हटलं.
ते कुणाचंच नसतं.

वारं आलं. बाटली कुणी तरी
रिक्षातून नेली होती, त्याच्या तोंडावर मारायला.
पान मी तळहातानं दाबून धरलं.